स्पिटफायरच्या मागच्या चाकांत खटखट: सगळं बदलायचं की आधी शोधायचं?

कॅन्लीकर
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर १५००, १९७८ सालची. मी राहतो कोव्हेंट्रीत, म्हणजे गाडी जन्मगावीच आहे. ती जिथे बनली त्या इथल्या कॅन्लीच्या कारखान्यातलं गाड्या बनवणं मात्र १९८० मध्येच थांबलं, त्यामुळे माहेरून मदत शून्य.

तक्रारी तीन. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून एक "खट्ट" येतं, रिव्हर्समधून पुढे येताना तेच जरा मोठ्याने. दुसरी तक्रार भीतीदायक आहे: रेस दिली की गाडी किंचित डावीकडे ओढते, सोडली की उजवीकडे. स्टिअरिंग मी सरळ धरलेलं असतं. तिसरी, मागून पाहिलं तर उजवं चाक वरच्या बाजूने आत झुकलेलं दिसतं. खाली फोटो दिलाय.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं आणि यादी हातात दिली: पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) नवीन, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर नवीन, दोन्ही हाफ शाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दांडे) नवीन, सगळे बुश (सांध्यांतली अस्तरं) नवीन. यादी घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

माझ्याकडे जॅक आहे, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आहेत, पान्यांचा बरा सेट आहे आणि उतार नसलेली ड्राइव्हवे आहे. ज्यांनी असल्या जुन्या गाड्यांवर काम केलंय त्यांनी सांगा, आधी काय तपासू?

चाकोरीबाहेर
आधी विमा तपासा.
रुमाल टाकतोय. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण असले धागे मी कादंबरीसारखे वाचतो.

अण्णा_टिंबर_मार्केट
कॅन्लीकर, पाट्याचं नाव कोणी काढलं की मला राहवत नाही. माझ्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड होती, पुण्यात. मद्रासला बनायची ती. तुमची स्पिटफायर म्हणजे त्याच हेराल्डच्या खोडावर लावलेलं कलम. हेराल्ड तिकडे १९५९ मध्ये आली, तिचीच चासिस आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर काढली. दोन्हींची बॉडी त्याच इटालियन मिकेलोत्तीने रेखलेली. मागची मांडणी जवळपास एकच: डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी पेटी) चासिसला पक्कं, त्याच्या डोक्यावर आडवा पाटा, आणि पाट्याच्या दोन टोकांना दोन चाकं लटकलेली.

आता पहिला प्रश्न. तो फोटो काढण्याआधी गाडी जॅकवर घेतली होती का? आणि कुठली बाजू?

कॅन्लीकर
अण्णा, हो. त्या दिवशी डावं चाक काढून ब्रेक पाहिले होते. उतरवल्यावर लगेच फोटो काढला. का?

अण्णा_टिंबर_मार्केट
मग तो फोटो निकामी समजा. या गाडीची एक बाजू उचलली की ते चाक खाली लोंबतं आणि तळाकडून आत वळतं. जॅक काढला तरी टायर जमिनीला धरून ठेवतो, चाक पूर्ववत बसत नाही. गाडी पुढेमागे चार-सहा मीटर ढकलली की टायर बाहेर सरकत जातात आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर येते. तुमचं डावं चाक चुकीचं उभं होतं, म्हणून बिचारं उजवं वाकडं दिसलं.

गाडी ढकला, मागचा बंपर दाबून सोडा, मग सपाट जागेवर दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजा, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. टायरमधली हवा आधी तपासा. मागे पुढच्यापेक्षा साधारण पाच पौंड जास्त हवी. त्याआधी पाट्यावर खापर फोडू नका.

रोहिणी_मिशिगन
अण्णा बरोबर बोलताहेत. हे का होतं ते सांगते, कारण त्यातच दुसऱ्या तक्रारीचंही उत्तर आहे.

स्पिटफायरच्या हाफ शाफ्टला आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी, एक युनिव्हर्सल जॉइंट आहे. बाहेर चाकापाशी जॉइंट नाही. म्हणजे हात खांद्यातून हलतो, मनगट नाही. चाक वरखाली झालं की त्याचा कोन बदलणारच. याला स्विंग ॲक्सल म्हणतात. जुन्या बीटलला होतं, पोर्शे ३५६ ला होतं, मर्सिडीज ३०० एसएलला होतं, आणि आमच्या इथल्या शेवरले कॉर्व्हेअरलाही. ग्राहकांच्या सुरक्षेसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरनी त्यावरून जे रान उठवलं ते सगळ्यांना आठवत असेल.

वळणात जोरात असताना एकदम रेस सोडली की गाडीची मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक तळाकडून आत ओढलं जातं, पकड एकदम कमी होते. ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मॉडेलपासून यावर एक स्वस्तातला पण हुशार उपाय केला. पाट्याची फक्त सर्वात खालची पट्टी डिफरन्शियलवर घट्ट धरली, बाकीच्या मध्यावर डुलू शकतील अशा ठेवल्या. गाडी कलली की पाटाही कलतो, मागची बाजू रोलला, म्हणजे गाडीच्या कलण्याला, विरोध करत नाही. तो विरोध पुढच्या जाड अँटीरोल बारकडे सोपवला. तुमच्या १५०० मध्ये हाच पाटा आहे.

पण कॅन्लीकर, तुमची तक्रार वळणातली नाही, सरळ रस्त्यावरची आहे. रेस दिली की डावीकडे, सोडली की उजवीकडे. आता विचार करा. रेस दिली की चाक गाडीला पुढे ढकलतं. तो धक्का झेलतो रेडियस आर्म, म्हणजे चाकापासून पुढे फ्लोअरपर्यंत जाणारा दांडा. त्याच्या टोकाचा रबर बुश फाटला असेल तर चाक थोडं पुढे सरकतं. आत जॉइंट पक्का असल्याने ते सरळ सरकत नाही, वळतं. डावं चाक पुढे सरकलं तर त्याचं तोंड उजवीकडे होतं, गाडीची शेपटी उजवीकडे जाते आणि नाक डावीकडे. रेस सोडली की नेमकं उलट.

तेव्हा माझा अंदाज: उजवीकडे बघू नका, डावा रेडियस आर्म बघा.

नटबोल्ट_लीड्स
रोहिणीताई, एक नंबर.
कॅन्लीकर, हा अंदाज ब्रेकवर तपासून घ्या. रिकाम्या रस्त्यावर हळू ब्रेक लावला की चाक मागे खेचलं जातं, म्हणजे गाडी रेस सोडल्यासारखीच उजवीकडे गेली पाहिजे.

कॅन्लीकर
आत्ताच करून आलो. उजवीकडे जाते!! आणि ढकलून, हवा भरून, टेप लावून उंची मोजली. दोन बाजूंत जेमतेम बोटाच्या जाडीइतकाही फरक नाही, उजवी किंचित खाली. ड्रायव्हरची बाजू आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिथे कोणी ना कोणी बसलंय, एवढं चालायचंच. पाटा यादीतून खोडला.

पर्वतीचा_पोऱ्या
ट्रुनियनमध्ये (चाकाजवळच्या सांध्यात) ईपी ९० गिअर तेल टाका राव आधी. ट्रायम्फ म्हटलं की तेवढं एकच मला ठाऊक आहे. ग्रीस नाही, तेलच. कोरडा राहिला की मोडतो आणि चाक मुडपतं.

नटबोल्ट_लीड्स
ते पुढचं, पोऱ्या. पुढच्या ट्रुनियनला आटे असतात, स्टिअरिंग फिरलं की उभा दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणून त्याला तेल. मागच्याला नाव तेच आहे पण काम वेगळं. तिथे एक आडवा बोल्ट, त्यावर स्टीलची नळी, नळीवर नायलॉनचे बुश. आटेबिटे काही नाही. सल्ला चांगला आहे, फक्त गाडीच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

कॅन्लीकर, आता मागची तपासणी कशी करायची ते सविस्तर लिहितो. मी स्वतः याच क्रमाने जातो.

चासिसखाली घोड्या लावा, दोन्ही मागची चाकं अधांतरी. कशाखाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा नको, हे सांगायला नको. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल.

चाक वरून आणि खालून धरून हलवा. दुसरा माणूस खाली टॉर्च घेऊन बघायला हवा, तुमचं लक्ष हातात असतं, त्याचं डोळ्यांत. हब हलतो पण ट्रुनियन आणि उभा लिंक (ट्रुनियनपासून वर पाट्यापर्यंत जाणारा दांडा) स्थिर राहतात, तर बेअरिंग गेलं. हब आणि ट्रुनियन एकत्र हलतात आणि उभ्या लिंकशी त्यांचा प्ले दिसतो, तर नायलॉनचे बुश. उभा लिंकच वरच्या टोकाशी, पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) हलतो, तर पाट्याचा बुश. मग चाक पुढूनमागून धरून हलवा, तिथे रेडियस आर्म दिसेल. हाताने नाही कळलं तर टॉमी (लोखंडी पहार) घालून बुशच्या बाजूने हलकं उचकटा. रबर धातूपासून सुटलेलं असेल तर भेग उघडते.

आवाजासाठी वेगळी परीक्षा. हाफ शाफ्ट हातात धरून पुढेमागे झटके द्या. युनिव्हर्सल जॉइंटच्या कपांभोवती तांबूस पावडर दिसते का बघा. आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या की ती बाहेर येते. तसं असेल तर तुमचा "खट्ट" तिथला. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याचे) दोन्ही जॉइंटही बघा, आवाज सारखाच येतो. आणि डिफरन्शियलचे माउंटिंग, गिअरमध्ये टाकून चाक हाताने फिरवा, डिफरन्शियल नाक वर करून उडी मारतंय का.

शॉकॲब्सॉर्बर: तेल गळालंय का, डोळ्यांतली रबरं चिरली आहेत का. काढायचे असतील तर आधी उभ्या लिंकखाली जॅक द्या. या गाडीत चाक खाली किती लोंबेल ते शॉकॲब्सॉर्बरच ठरवतो. तो सोडला तर चाक आणखी खाली जाऊन ब्रेकचा होज ताणला जाईल.

दीक्षित_दादर
एवढं सगळं करण्यापेक्षा गॅरेजवाला म्हणतोय ते काय चूक? गाडी उघडलीच आहे तर सगळे बुश बदलून टाका. पुन्हा पुन्हा खाली झोपायचं का? रबर चाळीस वर्षांचं आहे, जे आज नाही गेलं ते उद्या जाणार. मजुरी एकदाच.

रोहिणी_मिशिगन
दादरकर, बुशपुरतं मान्य. बुश स्वस्त असतात. पण त्यांनी पाटा आणि दोन्ही हाफ शाफ्टही यादीत घातलेत, चाक न हलवता. सगळं एकदम बदललं तर आजार कशाने बरा झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर कुठे शोधायचं तेही कळत नाही.

दीक्षित_दादर
गाडी म्हणजे पीएचडी नव्हे हो ताई. बरी झाली की झालं.

चाकोरीबाहेर
पॉपकॉर्न आणतो. कोणाला हवेत?

गोव्याचो_मिकॅनिक
दीक्षितबाब, मजुरी एकदाच ही गोष्ट खरी, पण नवीन पार्ट नेहमी जुन्यापेक्षा बरा असतो हे खरं नाही. बाजारात येणारे आजचे रबर बुश पाहिले आहेत? काही दोन पावसाळ्यांत चिरतात. जुना पार्ट चांगला असेल तर तो ठेवावा, असं माझं मत. विशेषतः पाटा. नवीन पाटे कधी कधी इतके ताठ आणि उंच येतात की गाडी मागून टाचा उंचावून उभी राहते आणि महिनोन्महिने खाली बसत नाही.

अण्णा_टिंबर_मार्केट
पुण्यात आम्ही पाटा नवीन घेतच नव्हतो. पाटेवाल्याकडे द्यायचा, तो पट्ट्या सुट्या करून, तापवून ठोकून कमान चढवून द्यायचा. ट्रकवाले आजही तेच करतात. पण तुमच्या डुलत्या पाट्याला तो प्रयोग करू नये असं वाटतं. पट्ट्या धरणाऱ्या मधल्या पेटीचं माप जुळलं नाही तर रोहिणीताईंनी सांगितलेली सगळी हुशारी पाण्यात.

अवांतर: हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट अख्खं पुढे उलटायचं. शाळेसमोर वडिलांनी ते उघडलं की वर्ग रिकामा व्हायचा. आणि वळायची किती कमी जागेत, पंचवीस फुटांत पूर्ण गोल. लक्ष्मी रोडवर उलटं वळण घेणारी एकमेव मोटार.

पर्वतीचा_पोऱ्या
काका, मग गॅझेल काय होती? आमच्या आळीत एक होती, तिला लोक हेराल्डच म्हणत.

अण्णा_टिंबर_मार्केट
हेराल्डचाच पुढचा अवतार, १९७२ पासून. फरक इथेच, मागे. मद्रासवाल्यांनी स्विंग ॲक्सल काढून सरळ ठोस, दोन्ही चाकं एकत्र जोडणारा ॲक्सल बसवला. आमच्या रस्त्यांवर ती लोंबती चाकं कोणाला झेपत नव्हती. इंग्लंडने पाटा डुलवला, मद्रासने ॲक्सलच बदलला. मला विचाराल तर मद्रासचं उत्तर जास्त रोखठोक होतं.

नटबोल्ट_लीड्स
रोखठोक खरं, पण त्यात मजा गेली. स्वतंत्र चाकांची गाडी खराब रस्त्यावर जशी चालते तशी ती चालली नसती.

अण्णा_टिंबर_मार्केट
मजा तुम्हाला. आम्हाला लोणावळ्याहून खाली उतरायचं होतं.

कॅन्लीकर
मंडळी, निकाल हाती आलाय. बायको टॉर्च घेऊन खाली, मी चाकाला. (तिची अट: हा उल्लेख धाग्यात हवा. घे, केला.)

१. दोन्ही चाकांच्या बेअरिंगला प्ले नाही.
२. डाव्या रेडियस आर्मचा पुढचा बुश पूर्ण फाटलाय. टॉमी लावली की दांडा मागेपुढे सरकताना दिसतो. रोहिणीताई, साष्टांग.
३. उजव्या हाफ शाफ्टच्या जॉइंटभोवती तांबूस पावडर. झटका दिला की तोच "खट्ट", लहान आवाजात. डावा गप्प आहे.
४. डाव्या ट्रुनियनला किंचित प्ले.
५. शॉकॲब्सॉर्बर कोरडे, ठीक.

पण एक नवीन भानगड. डावा रेडियस आर्म ज्या ब्रॅकेटला बसतो, तो बॉडीला बोल्टने लावलाय, सीटच्या मागे खाली. तिथला पत्रा काळ्या अंडरसीलखाली फुगल्यासारखा वाटतोय. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत जातो.

नटबोल्ट_लीड्स
अंदाज होता, पण तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. स्पिटफायरचं हे दुखणं जुनं आहे. रेडियस आर्मचा सगळा धक्का त्या पत्र्यावर येतो आणि तिथेच चाकाने उडवलेलं पाणी आणि हिवाळ्यातलं मीठ साचतं. नवीन बुश घालून कुजलेल्या पत्र्याला बोल्ट कसला तर काही दिवस बरं वाटेल आणि मग पत्राच फाटेल. आधी वेल्डिंग. अंडरसील खरवडून जिथे निरोगी, चमकणारा धातू लागतो तिथपर्यंत कापा, चांगल्या जाडीचा पत्रा घाला, बोल्टच्या जागी आतून जाड पट्टी द्या. वेल्डिंगआधी आतला गालिचा आणि सीट बाहेर, आणि पेट्रोलच्या टाकीचं भान ठेवा. ती फार लांब नाही.

ब्रॅकेट सोडताना त्याच्या आणि बॉडीच्या मध्ये पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतील. किती, कुठल्या बाजूला, ते लिहून ठेवा. चाकाची दिशा त्यांवरच जुळवलेली असते.

रोहिणी_मिशिगन
मला एक विचारायचंय. तिकडे दरवर्षी एमओटी तपासणी असते ना? असा पत्रा त्यांना दिसला कसा नाही?

कॅन्लीकर
चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर. आधीच्या मालकाने सूट लागू झाल्यापासून करून घेतलीच नव्हती. कायदेशीर आहे. स्वखुशीने मात्र करून घेता येते.

गोव्याचो_मिकॅनिक
सूट तपासणीला मिळाली, गंजाला कोणी दिली?

दीक्षित_दादर
म्हणजे बघा, गॅरेजवाल्याच्या यादीत पत्रा नव्हताच. पार्टांनी भरलेली यादी आणि मूळ भोक तसंच. मागे घेतो माझे शब्द. निदान अर्धे.

कॅन्लीकर
दीक्षित, अर्धे राहू द्या. दोन्ही रेडियस आर्मचे बुश, दोन्ही ट्रुनियनचे संच आणि पाट्याच्या डोळ्यांतले बुश मी एकदमच बदलणार आहे. हाफ शाफ्ट नाही, फक्त उजवा जॉइंट. पॉलियुरेथेन घेऊ की रबर? एकजण म्हणतो पॉली आयुष्यभर टिकतं.

नटबोल्ट_लीड्स
पॉली. टिकाऊ, तेलाने सुजत नाही, गाडी घट्ट वाटते.

रोहिणी_मिशिगन
रेडियस आर्मला तरी रबर. चाक वर गेलं की कोन बदलतो, म्हणजे आर्मला पीळही बसतो. रबर तो पीळ आनंदाने सहन करतं. पॉलीला एका अक्षाभोवती फिरायला आवडतं, पिळायला नाही. मग ते कुरकुरतं आणि ताण त्याच पत्र्यावर जातो जो तुम्ही आत्ता वेल्ड करणार.

नटबोल्ट_लीड्स
माझी गाडी कुरकुरत नाही.

रोहिणी_मिशिगन
नसेल. रेडिओ बंद केलाय का कधी?

नटबोल्ट_लीड्स
रेडिओच नाही तिच्यात! बरं, तडजोड: शॉकॲब्सॉर्बरच्या डोळ्यांना पॉली, रेडियस आर्मला चांगल्या प्रतीचं रबर. पाट्याच्या डोळ्याला रबर. खूश?

कॅन्लीकर
ठरलं.

(काही दिवसांनी)

कॅन्लीकर
पत्र्याचं काम झालं, एका ओळखीच्या वेल्डरने केलं. आता डावा ट्रुनियनचा बोल्ट अडलाय. नट निघाला, बोल्ट फिरतच नाही. हातोडा, गंजसोड तेल, उष्णता, सगळं झालं. नायलॉन वितळल्याचा वास मात्र छान आला.

नटबोल्ट_लीड्स
बोल्ट आतल्या स्टीलच्या नळीला गंजाने चिकटलाय. जवळजवळ सगळ्यांचा चिकटतो. झगडू नका. उभ्या लिंकच्या फाट्यात ट्रुनियन बसतो, त्या दोघांच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. बुश तसेही टाकायचेच आहेत. उभ्या लिंकला पातं लागू देऊ नका. नवीन बोल्ट घालताना नळीत भरपूर कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी खाली झोपेल तो तुम्हाला दुवा देईल.

अण्णा_टिंबर_मार्केट
आणि हब ओढायला जाऊ नका. जॉइंट बदलायला हब काढावा लागत नाही. डिफरन्शियलच्या फ्लँजचे चार बोल्ट सोडा, उभा लिंक सोडा, शाफ्ट हब-बेअरिंगसकट एकत्र बाहेर घ्या आणि शिकंज्यात धरून क्रॉस (जॉइंटचा फुलीसारखा भाग) बदला. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की साध्या पुलरचे पाय वाकतात. आम्ही हेराल्डचा ओढला होता तेव्हा सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला, शेजारचे लोक बाहेर आले.

नटबोल्ट_लीड्स
+१. आणि उद्या बेअरिंग गेलंच तर नुसतं बेअरिंग घेऊन थांबू नका. आतल्या सुया थेट शाफ्टवर फिरतात. शाफ्टवर खड्डे पडले असतील तर नवीन बेअरिंगही तेवढंच टिकेल. जुना शाफ्ट घेताना सांभाळून: १९७३ च्या मॉडेलपासून मागचा ट्रॅक रुंद केला, शाफ्ट इंचभर लांब झाले. तुमचा लांब आहे. बाजारात आखूडही मिळतात, आणि विकणाऱ्याला फरक सांगायची घाई नसते.

कॅन्लीकर
करवत चालली! दोन्ही बोल्ट बाहेर. जॉइंट बसला, मोकळा फिरतो. आता बोल्ट कसून टाकतो.

रोहिणी_मिशिगन
थांबा! चाकं अधांतरी असताना कसू नका. रबर बुशची आतली नळी बोल्टने पकडली जाते, बाहेरची आर्ममध्ये, आणि मधलं रबर पिळून हालचाल देतं. चाक लोंबलेलं असताना कसलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळं हाताने घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, ढकला, दोन्ही सीटवर माणसाच्या वजनाइतकं ओझं ठेवा, मग शेवटचा पाना.

चाकोरीबाहेर
सीटवर ओझं म्हणून धागाकर्त्याची बायको बसेल का? तिचा उल्लेख आधीच झालाय.

कॅन्लीकर
तिने हे वाचलंय. बासमतीच्या पोत्यांवर भागवतोय.

दीक्षित_दादर
आता अलाइनमेंट? शिम होते तेवढेच घातले की झालं?

नटबोल्ट_लीड्स
नाही झालं. पत्रा नवा आहे, ब्रॅकेट केसभर इकडेतिकडे झालाच असणार. जुने शिम ही सुरुवात. दोन्ही बाजूंनी गाडीला समांतर दोरा ताणा, मागच्या चाकांचं माप घ्या, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. शिम वाढवला की आर्म मागे सरकतो, चाकाचं तोंड बाहेर जातं. काढला की आत. दोन्ही चाकं सारखी यायला हवीत, नुसती बेरीज बरोबर येऊन चालणार नाही. नाहीतर गाडी तिरकी चालते आणि माणूस स्टिअरिंगला दोष देत बसतो.

कॅन्लीकर
दोरा लावला. डाव्या बाजूचा एक शिम कमी करावा लागला. मग केनिलवर्थपर्यंत चक्कर मारून आलो. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली, गाडी सरळ. रिव्हर्समधून पुढे घेतलं, "खट्ट" नाही. उजवी बाजू अजून किंचित खाली आहे आणि तशीच राहणार.

एक शंका उरलीय. डिफरन्शियलच्या बाजूला, जिथे उजवा शाफ्ट बसतो, तिथे तेलाचा ओघळ दिसतोय. काम करताना मीच सील दुखवलं का, की आधीपासून होता?

नटबोल्ट_लीड्स
फ्लँजचे चार बोल्ट सोडल्याने सील दुखावत नाही, ते आत आहे. बहुतेक आधीचाच. पुसून कोरडं करा, डिफरन्शियलचं तेल भोकाच्या काठापर्यंत भरा, आणि आठवडाभर चालवून पुन्हा बघा. थेंब पडत असेल तर फोटो टाका.

पर्वतीचा_पोऱ्या
तिथे तरी ईपी ९० चालतं ना?

नटबोल्ट_लीड्स
तिथे चालतं, पोऱ्या. तिथे चालतं.